आधी लेटरबॉक्सवर नाव लावा: एका सेमिस्टरसाठी जर्मनीला निघालेल्या कोल्हापूरकरांसाठी

राजारामपुरीतल्या आमच्या घरी पत्र यायचं असेल तर पाकिटावर गल्लीचा नंबर आणि ‘पिठाच्या गिरणीसमोर’ एवढं लिहिलं तरी भागतं. पोस्टमनकाका खालून हाक मारतात, आज्जी खिडकीतनं वाकून विचारते, ‘कुणाचं हाय?’ ही सवय घेऊन मी सप्टेंबरच्या शेवटी एका जर्मन शहरात पोचले आणि पहिल्याच महिन्यात माझी तीन पत्रं परत गेली. एक बँकेचं, एक विम्याचं, एक टॅक्स नंबरचं. वसतिगृहाच्या तळमजल्यावर लेटरबॉक्सची रांग होती आणि माझ्या बॉक्सवर माझ्या आधी राहून गेलेल्या मुलाचं नाव तसंच होतं. तिथला पोस्टमन खोलीचा नंबर बघत नाही, नाव बघतो. नाव नाही म्हणजे ते माणूस तिथं राहत नाही. विषय संपला.

बँकेचं पत्र गेलं म्हणून कार्डाचा पिन नाही, पिन नाही म्हणून पैसे नाहीत. अकरा दिवस मी शेजारच्या खोलीतल्या व्हिएतनामी मुलीच्या उधारीवर काढले. शेवटी वहीचा कागद फाडून नाव लिहिलं आणि आईनं बॅगेत टाकलेल्या बँडेजच्या पट्टीनं बॉक्सवर चिकटवलं.

आता कॉलेजमधली पोरं दर वर्षी विचारतात, ‘ताई, काय काय न्यायचं?’ बॅगेचं सांगतेच, पण एक्स्चेंजचं सेमिस्टर जेमतेम पाच-सहा महिन्यांचं असतं आणि त्यातला पहिला महिना कागदांच्या मागं जातो. कागदांचा क्रम चुकला की दुसराही जातो. आपल्याकडं काम अडलं की आपण ओळखीचं कोण आहे का बघतो. तिथं ओळखीनं काही हलत नाही. वेळ ठरवून, लेखी विचारून, ठरलेल्या क्रमानं गेलं की मात्र बहुतेक कामं सरळ होतात.

सहा-आठ महिने आधी: कोल्हापुरातच उरकायची कामं

पहिलं काम, पासपोर्ट उघडून स्वतःचं नाव वाचा. आपल्यात नाव तीन भागांत असतं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’ या रकान्यात पहिले दोन्ही एकत्र बसलेले असतात. जर्मन कार्यालयं तिथं दिसेल ते सगळं तुमचंच नाव धरतात. त्यामुळे मला बँकेतून आलेल्या पत्रांत माझ्या बाबांचं नाव घेऊन ‘आदरणीय श्रीमती’ असं लिहिलेलं असायचं. त्याला इलाज नाही. पण मार्कशीटवर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं आणि विद्यापीठाच्या अर्जात तिसरं असेल तर तो घोळ इथंच मिटवा. पुढं प्रत्येक अर्जात पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर लिहायचं. पासपोर्टच नसेल तर कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, पुण्याला पळायची गरज नाही. पोलीस पडताळणीचा वेळ मात्र धरून चाला.

दुसरं, लर्निंग ॲग्रीमेंट. तिथं कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात इथले कोणते विषय माफ होणार, याचा हा करार. यावर तुमची, आपल्या कॉलेजची आणि तिकडच्या विद्यापीठाची अशा तीन सह्या लागतात. युरोपात श्रेयांक ईसीटीएसमध्ये मोजतात. पूर्ण सेमिस्टर म्हणजे ३० ईसीटीएस, आणि एका ईसीटीएसमागं २५ ते ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो. विभागप्रमुख तोंडी म्हणतील, ‘जाऊन ये, बघू आल्यावर.’ त्या ‘बघू’वर जाऊ नका. माझ्या बॅचच्या एकाचे दोन विषय परत आल्यावर मान्य झाले नाहीत आणि त्यानं ते पुढच्या वर्षी पुन्हा दिले. तिथं गेल्यावर विषय बदलावा लागला (वेळापत्रकात टक्कर होतेच), तर त्याच आठवड्यात बदललेल्या कागदावर नव्यानं सह्या घ्या.

परीक्षा विभागातून ट्रान्सक्रिप्टचे दोन-तीन संच एकदमच काढून ठेवा. एकच संच काढून नंतर पुन्हा खिडकीला उभं राहणं काय असतं हे ज्यानं केलंय त्याला विचारा.

तिसरं, पैसे. एक्स्चेंजमध्ये तिकडची शिकवणी फी सहसा भरावी लागत नाही, पण सेमिस्टरचं वर्गणीवजा शुल्क असतं, आणि राहण्या-खाण्याचा खर्च तुमचा. इरॅस्मस प्लस किंवा डाडसारखी शिष्यवृत्ती असेल तर तिचं पत्र व्हिसासाठी चालतं. नसेल तर श्पेरकोंटो, म्हणजे पैसे अडकवून ठेवलेलं खातं, उघडावं लागतं. सप्टेंबर २०२४ पासून त्याचा हिशोब महिन्याला ९९२ युरो आहे. सहा महिन्यांचे ५,९५२. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर घरी बसून कितीची गोष्ट आहे ते कळेल. हे पैसे खर्च होऊन जात नाहीत. तुम्ही तिथं पोचून बँकेत साधं खातं उघडलं की दर महिन्याला त्यात तेवढा हप्ता सुटतो. म्हणून पहिल्या महिन्याचा खर्च आणि खोलीची अनामत वेगळी हाताशी ठेवा. श्पेरकोंटोच्या भरवशावर रिकाम्या खिशानं उतरलेली पोरं मी बघितलीत, आणि वर सांगितल्याप्रमाणे मीही त्यातलीच.

चौथं, व्हिसा. ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर शेंगेन पर्यटक व्हिसा नव्हे, जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. महाराष्ट्र मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो. अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, म्हणून प्रवेशपत्र हातात पडलं त्याच दिवशी कामाला लागा. पूर्ण पदवीला जाणाऱ्यांकडं एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून दिलेला दाखला, मागतात. एक्स्चेंजवाल्यांचा नियम वेगळा असू शकतो, तेव्हा तिकडच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला मेल करून लेखी उत्तर घ्या आणि त्याची प्रिंट फाइलला लावा.

एक खास कोल्हापुरी सूचना. हिवाळी सेमिस्टरला जाणाऱ्यांचा व्हिसा नेमका जुलै-ऑगस्टमध्ये येतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला होता. अपॉइंटमेंटच्या आठवड्यात राजाराम बंधाऱ्यावरची पातळी बघत राहा. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. ३९ च्या जवळ जायला लागली की अपॉइंटमेंटची वाट न बघता पुण्या-मुंबईतल्या मावशीकडं जाऊन बसा. ‘पूर आला होता’ हे कारण तिथल्या काउंटरवर कुणाला सांगणार?

पाचवं, खोली. आपलं गाव बोर्डिंगांचं. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. त्यामुळे वसतिगृह म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रेक्टर, मेस आणि रात्रीची हजेरी येते. जर्मन विद्यार्थी वसतिगृहात यातलं काहीच नसतं. स्वतःची खोली, चार-सहा जणांत एक स्वयंपाकघर, कळवायचं ते मेलवर. स्वस्त असल्यामुळे प्रतीक्षा यादी लांब असते. एक्स्चेंजवाल्यांसाठी काही खोल्या राखून ठेवलेल्या असतात, पण अर्जाची तारीख चुकली की त्या गेल्या. बाहेर खोली शोधत असाल तर खोली बघण्याआधी पैसे मागणाऱ्याला एक युरोही पाठवू नका. फोटो जितके देखणे तितका संशय जास्त घ्यायचा.

बॅग: चटणी जाते, पेढे जात नाहीत

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, तूप, खवा, बासुंदी पावडर सगळं बाद. आईनं कितीही मायेनं तुपाची बरणी टेपनं गुंडाळली तरी बाद. ताजी भाजी, फळं, हिरवा कढीपत्ता यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. यातून पाच फळं मोकळी आहेत: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ. म्हणजे ओटीचा नारळ निर्धास्त न्या.

वर्षाची चटणी न्या. ‘कांदा-लसूण मसाला’ म्हणून बाहेर विकतात ती नव्हे, डंकावर कुटून आणलेली घरची. एका सेमिस्टरला अर्धा किलो पुरते, वाटायची असेल तर एक किलो. दोन पिशव्यांत सीलबंद करून, वर इंग्रजीत नाव लिहून चेक-इन बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत नको. गूळ आणि भडंग चालतात. तांदूळ, डाळी, हळद, जिरं नेऊ नका, हे सगळं तिथल्या तुर्की आणि आशियाई दुकानांत मिळतं, आणि वजनाचे किलो दुसऱ्या कामाला येतात.

लहान कुकर न्या, पण सपाट बुडाचा आणि स्टीलचा. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर वगैरे लागत नाही. मोबाइलचा दोन गोल पिनांचा चार्जर तसाच बसतो, मिक्सरचा तीन पिनांचा प्लग बसत नाही. त्याला ॲडॉप्टर इथूनच घ्या. जाड जॅकेट मात्र तिथं घ्या. इथल्या दुकानात ‘बर्फात चालतंय’ म्हणून जे दाखवतात ते महाबळेश्वरच्या पलीकडं टिकत नाही. आणि चपला घरात घालायला न्या. फोटोसाठी एकदा बर्फात घालून बघितल्या, कातडं भिजून उलाथण्यासारखं कडक झालं.

हातातल्या बॅगेत: पासपोर्ट, प्रवेशपत्र, विम्याचा कागद, खोलीचा करार, लर्निंग ॲग्रीमेंट, चार पासपोर्ट फोटो, नेहमीची औषधं आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी. सगळं कागदावर. विमानतळावर मोबाइलची बॅटरी संपणारच.

आपलं भारतीय सिम बंद करू नका. सगळ्या बँकांचे ओटीपी त्यावर येतात. जाण्याआधी रोमिंग सुरू आहे का बघा, लहानातलं रिचार्ज चालू ठेवा आणि ते भरायचं काम भावाकडं द्या.

पोचायचा दिवस: रविवार टाळा

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनातली काही दुकानं, पेट्रोल पंप आणि सकाळी थोडा वेळ बेकऱ्या, एवढंच काय ते उघडं. शिवाय वसतिगृहाची किल्ली देणारा माणूस, हाउसमाइस्टर, कामाच्या दिवशी आणि ठरलेल्या तासांतच भेटतो. शनिवारी रात्री पोचलात तर सोमवारपर्यंत ना किल्ली ना गादी. ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते आणि हिवाळी सेमिस्टरवाले नेमके त्याच सुमाराला उतरतात. तिकीट काढताना कॅलेंडर बघा. मंगळवार-बुधवारची सकाळ सगळ्यात बरी.

महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई गाठणार असाल तर विमानाच्या दिवशी सकाळी पोचणारी गाडी पकडू नका, आदल्या दिवशीची धरा.

तिकडं उतरल्यावर ट्रेन-ट्राममध्ये चढायच्या आधी तिकीट. तिथं कंडक्टर येऊन ‘कुठं?’ विचारत नाही. साध्या कपड्यातला तपासनीस अचानक उभा राहतो आणि विनातिकीट सापडलात तर ६० युरो जातात. ‘नवीन आहे’ हे सांगून उपयोग नाही, तिथं तपासायला येणाऱ्याला रोज दहा नवीन भेटतात.

किल्ली मिळाल्यावर खोलीत बॅग टाकायच्या आधी दोन गोष्टी. एक, खोलीचे फोटो: भिंती, गादी, सिंक, खिडकीची कड, जिथं डाग दिसेल तिथं जवळून. तारखेसह हाउसमाइस्टरला मेल करून टाका. जाताना अनामत कापायची वेळ आली की हेच फोटो कामाला येतात. दुसरी गोष्ट तुम्हाला आता माहीत आहे. नावाची पट्टी घरूनच छापून न्या. पासपोर्टवरचं पूर्ण नाव, एक लेटरबॉक्सला आणि एक बेलला.

पहिले चौदा दिवस

इथं क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सावकाश वाचा.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो. याला आनमेल्डुंग म्हणतात आणि ती गावच्या नागरिक कार्यालयात, ब्युर्गरआम्टमध्ये, होते. त्यासाठी पासपोर्ट, अर्ज आणि घरमालकानं दिलेला राहत असल्याचा दाखला लागतो. या दाखल्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. एका दमात म्हणता आलं की समजा तुम्ही रुळलात. वसतिगृहवाले तो किल्लीबरोबरच देतात. नाही दिला तर लगेच मागा. अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यावी लागते आणि मोठ्या शहरांत ती आठवडे-आठवडे मिळत नाही, म्हणून कोल्हापुरात असतानाच वेबसाइट रोज उघडत राहा. सकाळी रद्द झालेल्या वेळा दिसतात. भारतात दुपार असताना तिथं सकाळ असते, जमतं.

आनमेल्डुंग झाली की एक साधा शिक्क्याचा कागद मिळतो. त्याच्या चार प्रती काढा. बँक तो मागते, व्हिसा वाढवायचा असला तर परदेशी नागरिक कार्यालय तो मागतं. काही आठवड्यांनी टॅक्स नंबरचं पत्र आपोआप घरी येतं. लेटरबॉक्सवर नाव असेल तर.

मग विमा. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सरकारी पद्धतीचा आरोग्य विमा महिन्याला साधारण १४० ते १५० युरोंना पडतो. विमा कंपनी विद्यापीठाला परस्पर कळवते आणि ते कळल्याशिवाय तुमचं नाव पटावर चढत नाही. म्हणून विमा आधी, नोंदणी मग. नोंदणी झाली की विद्यार्थी-कार्ड, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्याबरोबर किंवा त्यातच बस-ट्रेनचं सेमिस्टर तिकीट.

मग बँक. खातं उघडलं की श्पेरकोंटोवाल्यांना आयबॅन, म्हणजे नव्या खात्याचा आंतरराष्ट्रीय नंबर, कळवायचा. कार्ड आणि पिन वेगवेगळ्या पाकिटांत, वेगवेगळ्या दिवशी पोस्टानं येतात. पिन उशिरा आला म्हणून घाबरू नका, पंधरवडा उलटला तर मात्र विचारा.

व्हिसाची शेवटची तारीख पहिल्याच आठवड्यात बघा. पूर्ण मुदतीचा मिळाला असेल तर पुढचं काम वाचलं. कमी मुदतीचा असेल तर ती संपायच्या बऱ्याच आधी राहण्याच्या परवान्याचा अर्ज टाका आणि अर्ज टाकल्याचा पुरावा जपून ठेवा.

आणखी एक पत्र येईल, ते फसवणुकीचं वाटेल पण खरं असतं. रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिन्याला १८.३६ युरो, तुमच्याकडं टीव्ही असो वा नसो. ती माणशी नव्हे, घराला असते. सामायिक फ्लॅटमध्ये राहत असाल तर कोण भरतंय ते विचारून त्याचा वर्गणीचा नंबर कळवा. पत्राला उत्तरच दिलं नाही तर रक्कम साचत जाते. माझा एक मित्र ते पत्र जाहिरात समजून टाकत राहिला, त्याला पाच महिन्यांचं एकदम आलं.

वर्ग

वेळापत्रकात १० सी.टी. लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो, एस.टी. लिहिलं असेल तर दहाच्या ठोक्याला. आपल्या एस.टी.सारखी नव्हे ही. सव्वादहा म्हणजे सव्वादहा, त्यानंतर दार उघडलं की सगळे मागं वळून बघतात. तास संपला की पोरं टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकावर ठकठक करतात. पहिल्या दिवशी मला वाटलं सगळे मिळून सरांचा निषेध करतायत.

हजेरी बऱ्याच व्याख्यानांना नसते. इथं ७५ टक्क्यांच्या धाकात वाढलेल्या माणसाला हे स्वर्गासारखं वाटतं, आणि तिथंच घात होतो. सगळा निकाल शेवटच्या एका परीक्षेवर असतो, आणि त्या परीक्षेला स्वतःहून नाव नोंदवावं लागतं. वर्गात बसलात म्हणून परीक्षेला बसता येईल असं नाही. नोंदणीची मुदत सेमिस्टरच्या मधेच कधीतरी उघडते आणि बंद होते. मोबाइलमध्ये गजर लावा.

गुणांचं घरी आधीच समजावून ठेवा. १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. मी आनंदानं फोन करून ‘बाबा, १.३ मिळाले’ म्हटलं, तर पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, ‘असू दे बाळ, तब्येत सांभाळ.’

प्राध्यापकांना मेल लिहिताना ‘रिस्पेक्टेड सर’ नको. आडनावाआधी हेर (श्री.) किंवा फ्राऊ (श्रीमती), आणि पदवी असेल तर तीही. विषय एका ओळीत, प्रश्न दुसऱ्या ओळीत. भेटायला ठरलेले तास असतात, त्याशिवाय दारावर टकटक नको. वर्गात मात्र बिनधास्त हात वर करा, मधेच प्रश्न विचारला म्हणून तिथं कुणी रागावत नाही.

भाषेचं थोडं. शिकवणं इंग्रजीत असलं तरी ब्युर्गरआम्ट, हाउसमाइस्टर आणि किराणा दुकान जर्मनमध्ये चालतं, तेव्हा पहिल्या पातळीचा कोर्स करूनच जा. तिथं नामांना तीन लिंगं आहेत म्हणून बाकीचे रडतात. आपण कशाला रडायचं? तो दगड, ती भिंत, ते दार हे आपण लहानपणापासून पाठ न करता बोलतो. लिंगं जुळत नाहीत हे खरं, पण प्रत्येक वस्तूला लिंग असतं हे डोक्यात आधीच बसलेलं असतं. मुलीला जर्मनमध्ये नपुंसकलिंग लावतात, तेही आम्हाला नवं नाही. आमच्या गल्लीत ‘ते पोरगं कुठं गेलं?’ हे माझ्याबद्दलच विचारायचे, आणि मीही ‘आलो आलो’ म्हणतच खाली यायचे. तू आणि तुम्हीचा भेदही आपल्यासारखाच आहे. विद्यार्थ्यांत तू, काउंटरवर तुम्ही.

स्वयंपाकघर आणि खिडकी

पहिल्या शनिवारी मी सामायिक स्वयंपाकघरात आमटी टाकली. तेल तापलं, मोहरी तडतडली, चमचाभर चटणी पडली, आणि अर्ध्या मिनिटात टेबलाशी बसलेला इटालियन मुलगा खोकत बाहेर गेला. त्याच्या मागं आणखी दोघं. घरी फोडणीचा ठसका लागला की आपण शेजाऱ्यांना जेवायला बोलवतो. इथं छताला धुराचा अलार्म असतो, आणि काही वसतिगृहांत तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो. तेव्हा क्रम बदला. तेल कमी तापवा, आधी कांदा टाका, तो शिजत आला की गॅस म्हणजे ती काळी प्लेट बंद करा (बंद केल्यावरही ती पाच मिनिटं गरम राहते), मग चटणी आणि लगेच पाणी. झाकण तयार ठेवा, खिडकी उघडी, स्वयंपाकघराचं दार बंद. तेवढा कट येत नाही, पण आमटी होते. पुढच्या शनिवारी तोच इटालियन मुलगा वाटी घेऊन उभा होता. ताक मात्र नव्हतं त्याच्यासाठी, दही घुसळून द्यावं लागलं.

खिडकीचं प्रकरण मोठं आहे. थंडीत दारं-खिडक्या बंद, आत कुकरची वाफ, दोरीवर ओले कपडे, आणि महिन्याभरात भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी. ती आली की अनामत कापली जाते. उपाय एकच: दिवसातून दोन-तीनदा खिडकी सताड उघडायची, पाच-दहा मिनिटं, बाहेर शून्य अंश असलं तरी. दिवसभर फट ठेवण्यानं हे होत नाही, उलट भिंत गार पडते.

कचरा चार-पाच डब्यांत जातो. कागद निळ्यात, वेष्टनं पिवळ्यात, भाजीची देठं तपकिरीत, उरलेलं काळ्यात, काच बाहेरच्या टाकीत आणि तीही रंगानुसार. पाण्याची प्लास्टिक बाटली बहुतेक २५ सेंट ठेव घेऊन विकतात. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की चिठ्ठी येते, ती काउंटरवर द्यायची. नळाचं पाणी सरळ प्या. रात्री दहानंतर आवाज नाही, म्हणजे मिक्सरही नाही.

विद्यापीठाची मेस, मेन्झा, दुपारी स्वस्त आणि बरी. शाकाहारी थाळीवर खूण असते. मीठ लागतं, तिखट लागतच नाही. खिशात चटणीची डबी ठेवा.

आजारपण आणि अंधार

अँटिबायोटिक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. ‘भाऊ, जरा सर्दीचं काहीतरी द्या’ म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणायची सोय तिथं नाही. घराजवळचा डॉक्टर बरं असतानाच शोधून ठेवा. रात्री-बेरात्री पण जीवावरचं नसेल तर ११६११७, जीवावरचं असेल तर ११२, पोलीस ११०.

डिसेंबरात दुपारी चारच्या सुमाराला अंधार पडतो. हे वाचून कळत नाही. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मला वाटायला लागलं की आपण उगाच आलो. तेव्हा खोलीत बसू नका. विद्यापीठाचे खेळाचे वर्ग अगदी थोड्या पैशांत असतात, नाव घाला. एक्स्चेंजवाल्यांना स्थानिक विद्यार्थी ‘बडी’ म्हणून जोडून देतात, त्याचा फॉर्म भरा. आणि घरच्यांशी बोलायची वेळ ठरवून टाका. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढं, उन्हाळ्यात साडेतीन. ऑक्टोबर आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात आणि त्या आठवड्यात आईचा फोन हमखास तासभर चुकतो. रोज ‘जेवलीस काय?’ला उत्तर देण्यापेक्षा दर रविवारी तासभर निवांत बोलणं दोन्हीकडं बरं पडतं, हे मला जानेवारीत उमगलं.

नाताळाच्या सुट्टीत वसतिगृह रिकामं होतं. तेव्हा एकटं पडू नका, कुठंतरी जा. इटलीला गेलात तर फ्लॉरेन्समधली कासिने बाग चुकवू नका. आपले कोल्हापूरचे राजाराम महाराज युरोप बघून परत येताना १८७० मध्ये तिथं वारले, वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं, आणि तिथं पगडीतला रंगीत अर्धपुतळा छत्रीखाली उभा आहे. जवळच्या पुलालाही ‘इंडियानो’ म्हणतात. मी गेले तेव्हा पाऊस होता आणि पुतळ्यापाशी एक म्हातारा कुत्रं फिरवत होता. त्याला मोबाइलवर राजारामपुरीचा नकाशा दाखवून सांगायचा प्रयत्न केला की हे माझ्या गावचे. त्याला काय कळलं कुणास ठाऊक, पण त्यानं टोपी काढली.

परत येताना

शेवटच्या महिन्यात हातघाईवर येऊ नका. खोली सोडायची सूचना करारात लिहिली असेल तेवढे दिवस आधी लेखी द्या. निघायच्या आठवडाभर आधीपासून पत्ता रद्द करता येतो. तो कागद मिळाला की विमा, मोबाइल आणि रेडिओची वर्गणी बंद करायला तोच जोडायचा. बँक खातं सगळ्यात शेवटी, अनामत परत आल्यावर. ती यायला काही महिनेही लागतात, म्हणून खातं बंद करायची घाई नको. खोली देताना हाउसमाइस्टरबरोबर उभं राहून सही घ्या, आणि ते पहिल्या दिवसाचे फोटो जवळ ठेवा.

गुणपत्रक निघताना मिळत नाही, परीक्षांचे निकाल लागायचे असतात. ते कुठं पाठवायचं हे आंतरराष्ट्रीय कार्यालयाला लिहून द्या, आणि तुमच्या कॉलेजलाही परस्पर एक प्रत मेल करायला सांगा. कोल्हापूरचा पत्ता लिहिताना पिनकोड आणि मोबाइल नंबर दोन्ही घाला. त्यांच्या फॉर्ममध्ये ‘पिठाच्या गिरणीसमोर’साठी रकाना नसतो, मी तो घरक्रमांकाच्या रकान्यात घातला, आणि पाकीट आलं.